विश्लेषण : कीबोर्डसाठी स्वस्त ‘लिनिअर स्विच’ कसा निवडावा?

शनिवार पेठ, नारायण पेठ आणि सदाशिव पेठ हा पुण्याचा भाग कळा दाबून पोट भरणाऱ्यांचा आहे. इथे डीटीपी केंद्रे आहेत, टंकलेखनाच्या संस्था आहेत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. कॉट बेसिसवर राहून रात्री-अपरात्री कंपनीचे काम करणारी तरुण मंडळीही याच गल्ल्यांत राहतात. दिवसाचे सहा-आठ तास ज्याची बोटे कीबोर्डवर असतात, त्याच्यासाठी चांगला कीबोर्ड ही चैन नसते. म्हणूनच आपल्या पसंतीचे भाग निवडून जोडलेला ‘कस्टम’ मेकॅनिकल कीबोर्ड आता हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. अडते ते एका प्रश्नापाशी : स्विच कोणता घ्यायचा? बाजारात नावे शेकड्याने आहेत. एका स्विचची किंमत किरकोळ वाटते, पण ती साठ, सत्तर किंवा शंभराने गुणावी लागते. त्यातल्या त्यात स्वस्त आणि शांत अशा ‘लिनिअर’ प्रकाराची निवड कशी करावी, याचे हे विश्लेषण.

लिनिअर स्विच म्हणजे काय?

साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. त्याला मेम्ब्रेन म्हणतात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्याचे भाग मोजकेच : वरचे आणि खालचे कवच, मध्ये वर-खाली सरकणारा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या दोन पातळ पट्ट्या. कळ दाबली की दांडा खाली जातो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि संगणकाला अक्षर कळते.

हा दांडा कसा सरकतो, यावरून स्विचचे तीन प्रकार पडतात. ‘क्लिकी’ स्विच प्रत्येक वेळी टक् असा आवाज करतो. ‘टॅक्टाइल’ स्विचमध्ये आवाज नसतो, पण वाटेत एक छोटा उंचवटा बोटाला जाणवतो. ‘लिनिअर’ स्विचमध्ये यातले काहीच नसते. वरपासून तळापर्यंत दांडा सरळ, एकसारखा खाली जातो आणि स्प्रिंग जसजशी दबते तसतसा भार वाढत जातो.

जर्मनीच्या चेरी कंपनीचा ‘एमएक्स रेड’ हा या प्रकाराचा मापदंड मानला जातो. त्याची कळ २ मिलिमीटर खाली गेली की अक्षर उमटते आणि ४ मिलिमीटरवर ती तळाला लागते. अक्षर उमटण्यासाठी साधारण ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे जवळपास ४६ ग्रॅमचा भार लागतो. बाकीच्या बहुतेक कंपन्यांचे आकडे याच आकड्यांशी ताडून पाहिले जातात.

पेठेतल्या खोलीत लिनिअरच का?

मेकॅनिकल कीबोर्ड म्हटले की अनेकांना रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरचा किंवा बँकेतला खडखडाट आठवतो. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ हा कीबोर्ड देशभरातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे वापरला गेला. त्यात क्लिकी स्विच असे. दणकटपणात त्याला तोड नव्हती, पण आवाजही तसाच.

कार्यालयात तो आवाज खपून जातो. एका खोलीत तीन कॉट असतील आणि दोघे झोपलेले असतील, तर तो खपत नाही. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीतून वरच्या मजल्यावरची टकटक खालच्या घरात सहज पोहोचते. अभ्यासिकेत तर क्लिकी कीबोर्ड काढला की माना वळतात. अशा ठिकाणी लिनिअर स्विच सोयीचा. तो पूर्णपणे मूक नसतो. दांडा तळाला आणि परत वर येताना कवचाला आपटतो, त्याचा आवाज होतोच. पण क्लिकीची टोचणारी टकटक त्यात नसते.

त्याहून शांत हवे असेल तर ‘सायलेंट लिनिअर’ मिळतात. त्यांच्या दांड्याला रबरासारखे मऊ तुकडे बसवलेले असतात. ते साध्या लिनिअरपेक्षा महाग असतात आणि काहींना त्यांचा स्पर्श गुळगुळीत असूनही थोडा बोथट वाटतो. खर्च वाचवायचा असेल तर आधी एक सोपा उपाय करून पाहावा. कीबोर्डखाली जाडसर कापडी मॅट किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवावा. टेबलाची फळी आवाज मोठा करते. मधे कापड आले की तो लक्षणीय कमी होतो.

स्वस्त लिनिअर स्विच आले कुठून?

चेरीने ‘एमएक्स’ रचना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. त्यानंतर बराच काळ चांगला मेकॅनिकल स्विच म्हणजे चेरी, असेच समीकरण होते. पुढे या रचनेचे पेटंट संपले आणि चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. गॅटेरॉन, कैल, आउटेमू ही त्यातली ठळक नावे. माप तेच असल्याने कीबोर्ड आणि कळांच्या टोप्या बदलाव्या लागत नाहीत. स्पर्धा वाढली, किमती उतरल्या, आणि काही बाबतींत नव्या कंपन्यांचे स्विच मूळ स्विचपेक्षा गुळगुळीत निघाले.

‘गॅटेरॉन यलो’ हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. सुमारे ५० ग्रॅमचा हा साधा पिवळ्या दांड्याचा लिनिअर स्विच कमी किमतीतला भरवशाचा पर्याय म्हणून जगभर ओळखला जातो. त्याची दुधी कवचाची आवृत्ती ‘मिल्की यलो’ या नावाने मिळते. कारखान्यातूनच वंगण लावून येणारी ‘प्रो’ आवृत्तीही आहे. अक्को, केटीटी या कंपन्यांचे लिनिअर स्विचही याच किंमतपट्ट्यात मोडतात.

भारतातल्या ग्राहकाला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ४३ अ‍ॅपमध्ये अलीएक्स्प्रेसही होते. चीनमधून थेट सुटे भाग मागवण्याचा हौशी मंडळींचा सोपा मार्ग त्यामुळे बंद झाला. आता बहुतेक खरेदी देशातल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून होते. परदेशी संकेतस्थळावर किंमत कमी दिसली, तरी त्यात टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवून मगच तुलना करावी.

किती ग्रॅमची स्प्रिंग घ्यावी?

लिनिअर स्विच निवडताना सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच. या स्विचमध्ये उंचवटा नाही, आवाज नाही. बोटाला जे जाणवते ते मुख्यतः स्प्रिंगचे. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे ५० ग्रॅमचे स्विच एकमेकांना जितके जवळचे वाटतील, तितके एकाच कंपनीचे ३५ आणि ६० ग्रॅमचे वाटणार नाहीत.

ढोबळमानाने तीन गट करता येतील. ३५ ते ४० ग्रॅमचे स्विच अतिशय हलके. कळीवर बोट टेकवून विचार करत बसायची सवय असेल तर नको ती अक्षरे उमटतात. ४५ ते ५० ग्रॅम हा मधला पट्टा. पहिल्यांदा लिनिअर घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. ६० ग्रॅम आणि पुढचे स्विच जड. चेरीचा ‘एमएक्स ब्लॅक’ या गटातला. ज्यांचे हात जुन्या टंकलेखन यंत्रावर घडले आहेत आणि जे कळ तळापर्यंत ठोकतात, त्यांना हे स्विच मानवतात.

आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी. काही कंपन्या अक्षर उमटतानाचा भार सांगतात, काही कळ तळाला लागतानाचा. दुसरा आकडा नेहमी मोठा असतो. एका स्विचवर ५० आणि दुसऱ्यावर ६२ लिहिले असेल, तरी प्रत्यक्षात दोन्ही जवळपास सारखे असू शकतात. त्यामुळे कोणता आकडा कशाचा, हे विक्रेत्याच्या तपशिलात पाहूनच तुलना करावी.

सध्याच्या मेकॅनिकल कीबोर्डची कळ किती जड आहे, हे घरीच तपासता येते. दहा रुपयांचे नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते. एका कळीवर, तिला धक्का न देता, एकावर एक नाणी हळूच ठेवत जावे. सहा नाण्यांचे वजन ४६ ग्रॅमच्या आसपास होते, सात नाण्यांचे ५४. जितक्या नाण्यांवर पडद्यावर अक्षर उमटेल, तितका त्या कळीचा भार. मित्राच्या किंवा सायबर कॅफेतल्या कीबोर्डवर हा प्रयोग केला तरी आपल्या बोटांना काय मानवते, याचा अंदाज येतो. मेम्ब्रेन कीबोर्डवर मात्र ही तुलना फसवी ठरते. त्याचा रबर आधी अडतो आणि मग एकदम बसतो.

मराठी टंकलेखनासाठी वेगळा विचार लागतो का?

लागतो, आणि तो करंगळीचा आहे. स्विचबद्दलचा बहुतेक सल्ला इंग्रजी टंकलेखन डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. मराठीत बोटांवरची कामाची वाटणी वेगळी आहे.

सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकाचे उदाहरण घेऊ. त्यात काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. च, ट, ज, ड आणि य ही सगळी अक्षरे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. मराठीत पावलोपावली लागणारा ‘च्या’ हा प्रत्यय पाहा : च, मग पाय मोडण्याची कळ, मग य, मग काना. चारपैकी दोन कळा उजवी करंगळीच दाबते. ‘पुण्याच्या’, ‘पेठेच्या’, ‘शाळेच्या’ असे पानभर लिहिले की त्या बोटाला काय वाटत असेल, याची कल्पना येते.

डाव्या करंगळीचे काम शिफ्टमुळे वाढते. ख, घ, छ, ठ, थ, फ, भ ही अक्षरे आणि ण, ळ, श, ष हीदेखील शिफ्ट धरूनच उमटतात. ‘शनिवार पेठ’ एवढेच लिहायचे तर मधली जागा धरून दहा कळा लागतात, आणि ‘श’ व ‘ठ’ साठी दोनदा शिफ्ट, म्हणजे एकूण बारा वेळा बोट खाली जाते. दोन्ही वेळा शिफ्ट धरणारे बोट डावी करंगळीच, कारण ‘श’ आणि ‘ठ’ दोन्ही उजव्या हाताच्या कळा आहेत.

हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटावर एवढा भार असेल, तर जड स्प्रिंग टाळणे शहाणपणाचे. पण फार हलकी घेतली तर वेगळीच अडचण येते. डावी करंगळी जिथे विसावते त्या कळीवर ओकाराची मात्रा आहे. बोट जरा जड टेकले की नको तिथे ‘ो’ उमटतो आणि तो शोधून खोडण्यात वेळ जातो. म्हणून इन्स्क्रिप्टवर काम करणाऱ्यासाठी ४५ ते ५० ग्रॅमचा पट्टा सर्वांत सोयीचा.

स्विच सहज काढता-घालता येणारा कीबोर्ड असेल तर एक स्वस्त युक्ती करता येते. सगळीकडे ५० ग्रॅमचे स्विच बसवावेत आणि फक्त करंगळीच्या कळांना व दोन्ही शिफ्टना ४५ ग्रॅमचे. त्यासाठी वेगळ्या वजनाचे जेमतेम डझनभर स्विच पुरतात. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर काम करणाऱ्यांच्या अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. त्यांनी आपले कोणते बोट आधी थकते ते पाहून हीच युक्ती करावी. श्रीलिपीसारखी प्रणाली वापरणाऱ्या डीटीपी चालकांनाही हेच लागू. स्विच बदलल्याने कळफलक बदलत नाही. तो संगणकातल्या सॉफ्टवेअरचा भाग असतो.

स्वस्त स्विचमध्ये खोट कुठे असते?

मुख्यतः तीन ठिकाणी. पहिली खोट म्हणजे खरखर. दांडा आणि कवच एकमेकांवर घासतात. साचा नीट नसेल तर कळ दाबताना बारीक वाळू असल्यासारखे वाटते. क्लिकी किंवा टॅक्टाइल स्विचमध्ये ही खरखर झाकली जाते, लिनिअरमध्ये ती लगेच उघडी पडते. दुसरी म्हणजे स्प्रिंगचा ‘पिंग’ असा किणकिणता आवाज. तिसरी म्हणजे हलणारा दांडा. कळीच्या टोपीवर बोट ठेवून डावीकडे-उजवीकडे हलवले की तो किती डुगडुगतो ते कळते.

पहिल्या दोन खोटींवर उपाय वंगण. त्यामुळेच कमी किमतीत ‘फॅक्टरी लूब्ड’, म्हणजे कारखान्यातून वंगण लावून आलेले स्विच घेणे फायद्याचे. हाताने वंगण लावायचे तर प्रत्येक स्विच उघडावा लागतो. ६८ स्विच आणि प्रत्येकी तीन मिनिटे धरली, तरी २०४ मिनिटे, म्हणजे जवळपास साडेतीन तास होतात. हात बसलेला नसेल तर त्याहून जास्त.

तरीही स्वतः करायचे असेल तर त्यासाठीचेच वंगण वापरावे. ‘क्रायटॉक्स २०५’ हे लिनिअर स्विचसाठी सर्वाधिक वापरले जाणारे घट्ट वंगण आहे. ते बारीक ब्रशने, अगदी पातळ थरात, दांड्याच्या कडांना आणि तो जिथे सरकतो त्या खाचांना लावतात. धातूच्या पट्ट्यांना ते लागू देऊ नये. घरातले पर्याय इथे चालत नाहीत. शिलाई यंत्राचे तेल पातळ असल्याने ओघळून पट्ट्यांपर्यंत जाते. खोबरेल तेल पुण्याच्या थंडीत गोठते, मग डिसेंबरात कळा अडकायला लागतात. चिमटा, बारीक ब्रश यांसारखे सामान पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते.

कवचाचे प्लॅस्टिक कोणते, यावर आवाजाचा पोत ठरतो. नायलॉनच्या कवचाचा आवाज जरा खोल आणि दबका, तर पॉलिकार्बोनेटचा अधिक स्पष्ट व खणखणीत. कीबोर्डचा सांगाडा, कळांच्या टोप्या आणि टेबल यांचाही आवाजात मोठा वाटा असतो. त्यामुळे व्हिडिओत ऐकलेला आवाज आपल्या खोलीत तसाच येईल, असे धरून चालू नये.

जास्त टिकावा म्हणून महाग स्विच घ्यावा का?

जाहिरातींत ‘५ कोटी वेळा दाबला तरी चालेल’, ‘१० कोटी वेळा’ असे दावे असतात. हिशेब करून पाहू. मिनिटाला ३० शब्द आणि शब्दाला सरासरी पाच कळा धरल्या, तर मिनिटाला १५०, तासाला ९,००० कळा दाबल्या जातात. त्यातल्या एकाच कळीच्या वाट्याला तासाला हजार वेळा आले, असे अगदी ताणून धरले तरी ५ कोटींचा आकडा गाठायला ५०,००० तास लागतील. रोज आठ तास काम केले तर सतरा वर्षे. तोवर कीबोर्डची वायर, टोप्या किंवा आपली आवड यांपैकी काहीतरी आधी बदललेले असेल. टिकाऊपणाच्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एखादा स्विच बिघडतो तो बहुतेकदा धुळीने किंवा सांडलेल्या चहाने. एकदा दाबल्यावर ‘क’ ऐवजी ‘कक’ उमटू लागले, की त्या स्विचच्या पट्ट्यांत दोष आला असे समजावे. म्हणून खरेदी करतानाच पाच-दहा स्विच जास्तीचे घ्यावेत.

आपल्या कीबोर्डमध्ये तो बसेल का?

पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. आधी पाहावे की कीबोर्ड ‘हॉट-स्वॅप’ आहे का. तसा असेल तर स्विच चिमट्याने ओढून काढता येतो आणि नवा नुसता दाबून बसतो. नसेल तर प्रत्येक स्विचचे डाख काढून पुन्हा सोल्डरिंग करावे लागते. पहिला कस्टम कीबोर्ड घेताना हॉट-स्वॅपसाठी थोडे जास्त पैसे मोजलेले परवडतात, कारण स्विचची निवड चुकली तरी कीबोर्ड वाया जात नाही.

दुसरे, पायांची संख्या. ‘थ्री पिन’ स्विचला धातूचे दोन पाय आणि मधला जाड खुंट असतो. ‘फाइव्ह पिन’ला त्याशिवाय प्लॅस्टिकचे दोन छोटे पाय असतात. पाच छिद्रांच्या सर्किट बोर्डवर दोन्ही बसतात. तीन छिद्रांच्या बोर्डवर फाइव्ह पिन स्विच बसवायचा तर प्लॅस्टिकचे ते दोन पाय नेलकटरने कापावे लागतात. त्याने स्विचचे नुकसान होत नाही, पण असा स्विच परत करता येत नाही.

तिसरे, जात. ‘एमएक्स’ मापाचा स्विच लो-प्रोफाइल म्हणजे बुटक्या कीबोर्डमध्ये बसत नाही. ऑप्टिकल किंवा चुंबकावर चालणाऱ्या कीबोर्डमध्ये तो कधीकधी बसतो, पण चालत नाही, कारण त्यांची कळ ओळखण्याची पद्धतच निराळी. गेमिंगसाठी गाजणारे बरेच कीबोर्ड या चुंबकीय जातीचे आहेत. नावात ‘मॅग्नेटिक’ किंवा ‘हॉल इफेक्ट’ दिसले तर साधे लिनिअर स्विच मागवू नयेत.

बसवताना घाई करू नये. धातूचे पाय सरळ आहेत ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. नवा स्विच ‘मेला’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा त्याचा एक पाय दुमडून आत गेलेला असतो. चिमट्याने तो सरळ केला की काम होते.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

आधी कळा मोजाव्यात. छोट्या ‘६० टक्के’ कीबोर्डला साधारण ६१ कळा, ‘६५ टक्के’ला ६७ किंवा ६८, आकड्यांचा भाग नसलेल्या ‘टीकेएल’ला ८७ आणि पूर्ण आकाराच्या कीबोर्डला १०४. स्विच सुटे क्वचितच मिळतात. ३५, ४५, ७० किंवा ९० च्या पाकिटांत ते विकले जातात. ८७ कळांसाठी ३५ ची तीन पाकिटे घ्यावी लागतात आणि १८ स्विच उरतात. ९० चे पाकीट मिळाले तर तेच बहुधा स्वस्त पडते.

समजा एक स्विच २० रुपयांना पडतो आणि दुसरा ६० रुपयांना. ६८ कळांसाठी पहिल्याचे १,३६० रुपये होतील, दुसऱ्याचे ४,०८०. फरक २,७२० रुपयांचा. तेवढ्या पैशात स्विचपेक्षा जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी येऊ शकतात. स्पेसबार, शिफ्ट, एंटर या लांब कळांखाली तारेचे आधार असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते खडखडत असतील तर जगातला सर्वांत महाग स्विचही कीबोर्डचा आवाज सुधारू शकत नाही. चांगले स्टॅबिलायझर, त्यांना नीट वंगण आणि हाताला मानवतील अशा टोप्या, यांवर वाचलेले पैसे खर्च करावेत.

महाग लिनिअर स्विच वाईट असतात असे नाही. त्यांचे साचे काटेकोर असतात, दांडे कमी डुगडुगतात, आवाज एकसारखा असतो. प्रश्न एवढाच की तो फरक आपल्या बोटांना जाणवतो का. तो तपासायला पूर्ण संच घेण्याची गरज नाही. काही विक्रेते दहाचे छोटे पाकीट किंवा वेगवेगळ्या स्विचचा नमुना संच देतात. हॉट-स्वॅप कीबोर्डवर मधल्या ओळीतल्या आठ कळांना नमुन्याचे स्विच लावावेत आणि आठवडाभर रोजचे काम करावे. दुकानात एक कळ दाबून जे कळत नाही, ते चार पाने टंकल्यावर कळते.

टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्यांनी काय करावे?

राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागते. त्यासाठीची संगणक टंकलेखन परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. एकेकाळी याच परीक्षांसाठी पेठांतल्या संस्थांमध्ये यंत्रांचा खडखडाट चाले. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. आता परीक्षा संगणकावर आहे, पण एक गोष्ट तीच राहिली : यंत्र केंद्रावरचे असते, आपले नसते.

म्हणूनच परीक्षार्थींनी अतिशय हलका किंवा अर्ध्या वाटेत अक्षर उमटवणारा ‘स्पीड’ लिनिअर घेऊ नये. चेरीच्या ‘एमएक्स स्पीड सिल्व्हर’मध्ये १.२ मिलिमीटरवरच अक्षर उमटते. त्याची सवय झाली की केंद्रावरच्या साध्या मेम्ब्रेन कीबोर्डवर कळा अर्धवट दाबल्या जातात आणि अक्षरे गळतात. घरी ५० ग्रॅमच्या आसपासचा, २ मिलिमीटरवर अक्षर उमटवणारा स्विच ठेवावा, आणि परीक्षेच्या आधीचे दोन-तीन आठवडे रोजचा काही वेळ संस्थेतल्या साध्या कीबोर्डवर सराव करावा. परीक्षेचा कळफलक कोणता, इन्स्क्रिप्ट की रेमिंग्टन, हे संबंधित सूचनेत पाहूनच सराव सुरू करावा. स्विच बदलल्याने वेग आपोआप वाढत नाही. बोटे कमी थकतात आणि त्यामुळे सराव जास्त वेळ होतो, इतकेच. मनगट किंवा बोटे सतत दुखत असतील तर डॉक्टरांना दाखवावे, स्विचमध्ये त्याचा इलाज शोधू नये.

थोडक्यात, कोणता क्रम पाळावा?

पहिल्यांदा कीबोर्ड हॉट-स्वॅप आणि ‘एमएक्स’ मापाचा आहे, याची खात्री करावी. मग पायांची संख्या आणि कळांची संख्या पाहावी. त्यानंतर भार ठरवावा : पहिला लिनिअर असेल तर ४५ ते ५० ग्रॅम. त्या भारातला, कारखान्यातून वंगण लावून आलेला, सर्वांत स्वस्त माहितीतला स्विच निवडावा. छोटे पाकीट मागवून आठवडाभर वापरावे आणि मगच पूर्ण संच घ्यावा. रंग, दांड्याची आकर्षक नावे आणि ‘मर्यादित आवृत्ती’ यांचा विचार सर्वांत शेवटी. या क्रमाने गेल्यास महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा कमी पैशांत बोटांना मानवणारा स्विच मिळू शकतो, आणि शेजारच्या कॉटवरच्याची झोपही शाबूत राहते.